बेडसाइड कॉट घ्यायची आहे? आधी पलंग मोजा

बेडसाइड कॉट म्हणजे पलंगाच्या कडेला पट्ट्यांनी जोडायची बाळाची छोटी कॉट. तिच्या तीन बाजू कायम उभ्या असतात. चौथी, उतरवता येणारी बाजू खाली केली की तिथे तुमचा पलंग. दुकानात मोकळी उभी असताना कुठलीही कॉट ठणठणीतच दिसते. घरी आणून पलंगाला भिडवली की मग कळतं: कॉटचे पाय पलंगाखाली जात नाहीत, पट्टा पलीकडच्या कडेपर्यंत पुरत नाही, किंवा कॉट आणि गादी यांच्यामध्ये चार बोटांची फट राहते. खरा धोका या फटीत आहे. तान्ह्या बाळाचं तोंड एकदा कशात रुतलं की ते त्याला स्वतःहून सोडवता येत नाही. म्हणून लाकूड कुठलं, रंग कुठला, खाली कप्पा आहे का, हे सगळं नंतर. आधी टेप घेऊन पलंगापाशी जा.

बाळाला आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट आणि कडक गादीवर, पाठीवर झोपवावं आणि निदान पहिले ६ महिने तरी खोली एकच ठेवावी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या सूचना सांगतात. बेडसाइड कॉट या चौकटीत बसते, पण ती पक्की जोडलेली असेल तरच. सैल जोडलेल्या कॉटपेक्षा पलंगापासून हातभर लांब ठेवलेली, चारही बाजू बंद असलेली साधी कॉट केव्हाही बरी. हे वाक्य खरेदीला जाताना लक्षात असू द्या, कारण काही पलंगांना बेडसाइड कॉट नीट जोडताच येत नाही आणि ते मान्य करणं हाही एक निर्णय आहे.

पलंगाची मापं

मापं घेताना पलंगावर रोजचीच गादी असू द्या आणि बाळंतीण ज्या कडेला झोपणार तिथे कुणाला तरी आडवं व्हायला सांगा. रिकाम्या गादीची उंची वेगळी आणि माणूस झोपल्यावरची वेगळी; मऊ फोमच्या गादीची कड तर चांगलीच खचते. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

पहिलं माप जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं. उंची बदलता येणाऱ्या कॉटना ठरावीक टप्पे असतात, मधली उंची मिळत नाही. तुमची गादी ५२ सेंमीवर असेल आणि कॉट ५० किंवा ५४ वरच थांबत असेल, तर ती तुमच्यासाठी नाही. जाहिरातीत लिहिलेली ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’ उंची पाहून समाधान मानू नका. प्रत्येक टप्प्याची उंची विचारा. आणि ती उंची नेमकी कशाची हेही विचारा. काही उत्पादक कॉटच्या गादीची देतात, काही उतरवलेल्या कठड्याच्या वरच्या कडेची. परत करायला आणलेल्या कॉटपैकी बऱ्याच याच गोंधळातल्या असतात.

दुसरं माप लोक सहसा घेतच नाहीत: पलंगाच्या चौकटीची बाहेरची कड आणि गादीची कड यांच्यातलं अंतर. पुष्कळ लाकडी पलंगांची चौकट गादीच्या बाहेर दोन-चार सेंमी येते. कॉट त्या लाकडाला जाऊन टेकते, गादीपर्यंत पोचतच नाही. पट्टे कितीही ओढा, चौकट जितकी बाहेर तितकी फट राहणारच. ही फट टॉवेलची गुंडाळी, उशी किंवा फोमची पट्टी घालून भरायची नाही. रात्रीत ती दबते, सरकते, वर येते आणि बाळाच्या तोंडाशी आणखी एक मऊ वस्तू होते. गादी सपाट फळीवर ठेवलेली असेल तर अख्खी गादीच कॉटच्या बाजूला कडेपर्यंत सरकवता येते. मग मागे, पलीकडच्या बाजूला जी जागा उरते ती घट्ट फोमने भरली तरी चालते, कारण बाळ तिथे नसतं. पण गादी चौकटीच्या आत रुतून बसलेली असेल तर तो मार्ग बंद. अशा पलंगाला फक्त तीच कॉट चालते जिचा कठडा चौकटीच्या वरून पुढे येऊन गादीला टेकतो, आणि तशा कॉट थोड्याच असतात.

तिसरं माप त्याच्याच जोडीचं: चौकटीच्या वर गादी किती सेंमी उभी आहे. कॉटची कड गादीच्या उभ्या भिंतीवर दाबली गेली पाहिजे. गादी चौकटीच्या वर जेमतेम ६-७ सेंमी असेल तर कॉट दाबते ती मुख्यतः लाकडावर.

चौथं, पलंगाखालची मोकळी जागा. बेडसाइड कॉटचे पाय साधारण इंग्रजी सी अक्षरासारखे असतात, खालचा आडवा दांडा पलंगाखाली जातो. सामान ठेवायचा बॉक्स बेड जमिनीला टेकलेला असतो, तिथे दांडा अडतो आणि कॉट बाहेरच राहते. बॉक्स बेडसाठी पाय दुमडणारी किंवा आतल्या बाजूला पाय सरळ उभे असलेली कॉटच बघा. पाय दुमडल्यावर कॉट कलंडत नाही ना, हे मोकळ्या बाजूच्या कठड्यावर हात दाबून तपासा. वर उचलायच्या झाकणाचा पलंग असेल तर आणखी एक अडचण: पट्टे गादीखालून झाकणावरून जातात, म्हणजे झाकण उघडायचं तर दर वेळी पट्टे सोडा आणि परत बांधा. बाळाचे कपडे त्याच पलंगात ठेवले असतील तर तिसऱ्या दिवशी पट्टे सैल राहणार, हे गृहीत धरा. सामान दुसरीकडे हलवा.

उरलं पाचवं: पलंगाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंतची किंवा कपाटापर्यंतची जागा. बहुतेक बेडसाइड कॉट साधारण ९० ते १०० सेंमी लांब आणि ५५ ते ७० सेंमी रुंद असतात. कॉट लागल्यावर बाळंतिणीला त्या बाजूने उतरता येत नाही. पायथ्याकडे सरकून उतरावं लागतं. सिझेरियननंतरच्या पहिल्या आठवड्यांत ते सरकणं दुखतं. पायथ्याला उंच फळी असेल तर उतरायला वाटच राहत नाही, म्हणून कॉट उशाकडे घेऊन खाली निदान ६० सेंमी कड मोकळी ठेवा. उशाशी छोटं टेबल असेल तर ते जाईल. कॉट उशापासून दूर ढकलून टेबल वाचवलं तर बाळ आईच्या कमरेशी येतं आणि जवळ झोपवण्याचा हेतूच फसतो.

कठडा किती उरतो

बाजारात दोन प्रकार दिसतात. एकात पलंगाकडची बाजू पूर्ण खाली येते आणि दोन्ही गाद्या एका पातळीत येतात. दुसऱ्यात बाजू अर्धीच उतरते आणि बाळ व पलंग यांच्यामध्ये ठेंगणा कठडा उरतो. युरोपच्या ईएन ११३०:२०१९ या मानकाप्रमाणे हा कठडा बाळाच्या गादीच्या वर निदान १२ सेंमी असावा लागतो. पूर्ण उघडी बाजू फोटोत छान दिसते, हात पुढे करायलाही सोपी. पण बाळ लोळत पलंगावर येऊ शकतं आणि आईचं पांघरूण तितक्याच सहज कॉटमध्ये जातं. निवड करायची असेल तर कठड्याचा प्रकार घ्या. बाळाला उचलताना हात १२ सेंमी जास्त वर न्यावा लागतो, एवढाच तोटा.

कठड्याच्या कॉटमध्ये पातळी जुळवायची ती कठड्याच्या वरच्या कडेची, बाळाच्या गादीची नव्हे. कड आणि मोठी गादी सारख्या उंचीवर आल्या की बाळाची गादी आपोआप तेवढी खाली जाते आणि तसंच हवं असतं. दोन्ही गाद्या सारख्या करण्यासाठी कॉट एक टप्पा वर चढवली की कठडा गादीच्या वर डोकावतो, हात घालताना कोपर त्यावर घासतं आणि दोन दिवसांत कुणीतरी बाळाखाली जास्तीची गादी घालतं. तिथून चुका सुरू होतात.

पट्टे बांधताना

पट्टे हा या कॉटचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग, आणि खोक्यात सगळ्यात तळाशी तोच पडलेला असतो. विकत घेण्याआधी पट्ट्यांची लांबी तुमच्या पलंगाच्या रुंदीशी ताडून बघा. १८० सेंमी रुंद पलंगाला पट्टा गादीखालून पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन अडकायला हवा.

१. मोठी गादी कॉटच्या बाजूला कडेपर्यंत ओढून घ्या. कॉटची चाकं असतील तर अजून लॉक करू नका.

२. गादी उचलून दोन्ही पट्टे खाली सपाट पसरा. पट्ट्याला पीळ राहिला तर तो ताणल्यासारखा वाटतो, पण रात्रीत पीळ उलगडतो आणि दोन-तीन सेंमी ढील पडते.

३. पलीकडचं टोक पलंगाच्या चौकटीला अडकवा. नुसतं गादीभोवती गुंडाळू नका. गादी दबते आणि पट्टा सैल होतो. काही कॉटच्या टोकाला पलीकडच्या कडेवर बसणारी चपटी अडकण असते, ती गादी आणि चौकट यांच्यामध्ये नीट आडवी बसली पाहिजे, उभी नाही.

४. कॉट भिडवा आणि दोन्ही पट्टे आलटून पालटून थोडे थोडे ओढा. एक पट्टा आधी पूर्ण आवळला तर कॉट तिरकी होते आणि पायथ्याकडे त्रिकोणी फट राहते. वरून पाहिलं तर ती दिसत नाही, कारण चादरीने झाकलेली असते.

५. आता चाकं लॉक करा. उरलेली टोकं गुंडाळून कॉटच्या बाहेर, खाली बांधून टाका. बाळाच्या हाताला लागेल अशी पट्ट्याची शेपटी लोंबकळता कामा नये.

६. तपासणी. एकाने पलंगावर कुशीवर झोपून गुडघ्याने कॉट जोरात ढकलायची, दुसऱ्याने बाहेरून ओढायची. मग तर्जनी उभी धरून संपूर्ण जोडावरून उशापासून पायथ्यापर्यंत फिरवा. बोट कुठेही आत जायला नको.

ही शेवटची बोटाची तपासणी रोज रात्री झोपण्याआधी करा, दहा सेकंद लागतात. चादर बदलताना गादी हलते, फरशी पुसताना कॉट हलते, आणि गुळगुळीत फरशीवर नुसत्या लॉक केलेल्या चाकांच्या भरवशावर राहता येत नाही.

कॉटची गादी

इथे आपल्या हाताचा अंदाज फसतो. मोठ्या माणसाला जी गादी बरी वाटते ती बाळाला मऊ असते. बेडसाइड कॉटसोबत येणारी गादी पातळ आणि कडक असते, हाताला पुठ्ठ्यासारखी लागते आणि पाहुणे ‘बिचारं बाळ’ म्हणतात. ती तशीच हवी. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. मऊ गादीत त्या वजनाने खळगा पडतो, तोंड वळलं की नाक त्या खळग्याच्या कडेला टेकतं.

तळहाताने दाबून हात उचला; गादी लगेच मूळ सपाटीला आली पाहिजे, हाताचा ठसा मागे राहायला नको. शंका वाटली तर घरच्या घरी नेमकी चाचणी करता येते. १२ सीडींची थप्पी करा (सीडी नसतील तर १२ सेंमी व्यासाची, साधारण दीड सेंमी जाडीची लाकडी चकती चालेल) आणि बाळाचं डोकं जिथे येईल तिथे गादीवर ठेवा. त्यावर १ लिटरचा भरलेला चौकोनी दुधाचा किंवा ज्यूसचा खोका आडवा ठेवा, असा की त्याचं एक टोक थप्पीच्या कडेबाहेर ४ सेंमी येईल. त्याच्यावर तेवढाच दुसरा भरलेला खोका. खालच्या खोक्याचं बाहेर आलेलं टोक गादीला टेकलं तर गादी फार मऊ आहे. दोन-तीन जागी करून बघा. जुन्या गाद्या मध्यभागी आधी बसतात.

गादी आणि कॉटची भिंत यांच्यात दोन बोटंसुद्धा सहज जात असतील तर गादी लहान आहे. फट मोजताना गादी एका कडेला पूर्ण सरकवून मोजा, मध्ये ठेवून नव्हे. मध्ये ठेवली की फट दोन्हीकडे वाटली जाते आणि निम्मी दिसते. वेगळी जाड गादी आणू नका, आहे त्यावर दुसरी घालू नका. ३ सेंमीच्या जागी ८ सेंमीची गादी घातली की कठडा ५ सेंमीने ठेंगणा झाला, १२ चे ७ उरले. चादर त्याच मापाची, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली. धुतल्यावर आटलेली चादर गादीचे कोपरे वर उचलते, तेव्हा ती धुऊन, वाळवून, परत घालून बघा. ओलाव्यासाठी पातळ वॉटरप्रूफ आवरण चालेल. जाड रबरी चादर घडी पडून वर येते.

सांगाडा, जाळी, चाकं

यात फार गुंतायला नको, काही गोष्टी तपासल्या की पुरे. लाकडी दांड्या असतील तर दोन दांड्यांत ६ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. जाळी असेल तर ती बारीक हवी, करंगळीचं टोक आत जायला नको, आणि शिवण आतून हात फिरवून बघा. सुटलेल्या धाग्याचा फास बाळाच्या बोटाला बसू शकतो. दोन्ही लांब बाजूंना जाळी असलेली कॉट बरी: हवा खेळते आणि झोपल्या झोपल्या बाळ दिसतं. कोपऱ्यांवर वर आलेले खुंट, गोळे, नक्षी नको. कपडा अडकतो.

झुलणाऱ्या बेडसाइड कॉटही मिळतात. पलंगाला जोडल्यावर झुलणं पूर्ण बंद करणारी अडकण त्यात आहे का ते बघा. नसेल तर सोडून द्या. झुलती ठेवली तर प्रत्येक हेलकाव्याला जोड उघडतो.

डोक्याकडची बाजू एक टप्पा वर करण्याची सोय ‘दूध वर येऊ नये म्हणून’ या नावाने विकली जाते. ती वापरू नका आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या बाळांच्या झोपण्याच्या वस्तू आणि कॉटच्या आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, दोन्हींवर बंदी आली. डॉक्टरांनी बाळ पाहून वेगळं काही सांगितलं तर गोष्ट निराळी. कॉट जोडल्यावर गादीवर पाणसळ, नाहीतर मोबाइलमधलं पाणसळीचं ॲप ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी तपासा. दोन्हीकडचे पाय एकाच टप्प्यावर आहेत ना, हेही त्यातच कळतं. डावा पाय चौथ्या आणि उजवा तिसऱ्या टप्प्यावर, ही नेहमीची चूक.

एका हाताची परीक्षा

दुकानात कॉटसमोर खुर्चीवर बसा, दुसऱ्या हातात पिशवी धरा आणि एका हाताने बाजू उघडून बंद करा. रात्री तुमच्या एका हातात बाळ असणार आहे. दोन्ही खटके एकदम दाबावे लागत असतील तर आई एकटी असताना ती बाजू कायम उघडीच राहणार. चेन असेल तर ती किती वाजते ते ऐका. बाळ झोपलं आणि चेन ओढल्याबरोबर जागं झालं की पुढच्या वेळी कुणी चेन लावत नाही. आणि बाजू लावायची सवय लागलीच पाहिजे: पलंगावर जागं मोठं माणूस नसेल, किंवा कॉट पलंगापासून सोडवून दुसरीकडे नेली असेल, तर चौथी बाजू पूर्ण वर आणि खटका लागलेला. खटका लागला की ‘टक’ आवाज येतो का, बाहेरून ओढून बघितलं तरी तो टिकतो का, हे दुकानातच पाहून घ्या.

वापरलेली कॉट

मागून आणलेली कॉट घ्यायला हरकत नाही, पण कॉटपेक्षा पट्टे आणि माहितीपत्रक आधी मागा. पट्टे हरवलेले असतील आणि उत्पादकाकडून त्याच मॉडेलचे मिळत नसतील तर ती कॉट बेडसाइड राहिली नाही. बाजारातल्या सामान बांधायच्या पट्ट्यांनी किंवा नाडीने ती जोडू नका. मॉडेल क्रमांक खालच्या चौकटीवर किंवा गादीच्या लेबलवर असतो, तो शोधून उत्पादकाने ती परत मागवलेली आहे का ते बघा. उंची बदलणारे खटके दहा वेळा वर-खाली करा, शेवटी प्रत्येक टप्प्यावर कॉटवर हात टेकून अंगाचा भार द्या. घसरली तर नको. सुट्टे स्क्रू दुसऱ्याच मापाचे बसवलेले असतात. प्रत्येक भोकात स्क्रू आहे आणि डोकं बाहेर आलेलं नाही हे मोजून घ्या. गादी शक्यतो नवीनच, पण उत्पादकाची त्याच मॉडेलची.

जोडून झाल्यावर

कॉटमध्ये काय ठेवायचं याचं उत्तर सोपं आहे: बाळ. उशी नाही, मोहरीची किंवा कापसाची गादली नाही, खेळणं नाही, बाळाला कुशीवर टेकवायच्या गुंडाळ्या नाहीत. बाळाचे पाय कॉटच्या पायथ्याजवळ येतील असं झोपवा, म्हणजे ते खाली सरकत पांघरुणात जात नाही. पांघरुणाऐवजी गळ्याशी नीट बसणारी झोपायची पिशवी जास्त चांगली. आईने स्वतःचं जाड पांघरूण कॉटच्या बाजूला खोचून घ्यावं किंवा वेगळं छोटं घ्यावं. चार्जरची वायर, पडद्याची दोरी, लटकतं काहीही कॉटपासून निदान मीटरभर दूर. मच्छरदाणी लावली तर ती आत लोंबणार नाही अशी, चौकटीवर ताणून. घरात मोठं मूल किंवा मांजर असेल तर उघड्या बाजूने ते कॉटमध्ये उतरू शकतं, तेव्हा दिवसा बाजू बंद.

वापर कधी थांबवायचा हे बाळाच्या वयावरून ठरत नाही. उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा, जी बऱ्याच कॉटना ९ किलो असते, ती फार थोड्या बाळांच्या बाबतीत आधी गाठली जाते. त्याआधीच बाळ पालथं पडतं, मग हात-गुडघ्यांवर उठू लागतं, आणि १२ सेंमीचा कठडा त्याला अडवत नाही. साधारण ५-६ महिन्यांत हे होतं, काहींचं चौथ्यातच. यांतलं जे पहिलं होईल त्या दिवशी बाजू वर करा, पट्टे सोडा आणि बाळाला उंच कठड्याच्या मोठ्या कॉटमध्ये हलवा. ती मोठी कॉट आधीच आणून ठेवलेली बरी, कारण पालथं पडायला बाळ आठवडाभर आधी कळवत नाही. सोडलेले पट्टे मात्र कॉटच्याच खालच्या कप्प्यात बांधून ठेवा.